माहितीदार क्रमांक चार

काकांना तिनं मारलं ते विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीच्या सांगण्यावरून. मारताना हात कापला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही, कारण काम टंकलेखनाचं होतं आणि जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं होतं.

समितीचं म्हणणं तसं रास्त होतं. लोकांच्या घरात शिरून त्यांना नाही नाही ते विचारायचं आणि मग ते चारचौघांत मांडायचं, तर निदान ती माणसं ओळखू येऊ नयेत. नाव काढा, वय मागेपुढे करा, नोकरीधंदा बदला, घरातली माणसं कमीजास्त करा. तिच्या प्रबंधातल्या बायका सगळ्या उतारवयाच्या आणि सगळ्या कोरियन मालिकांच्या नादी लागलेल्या. तिनं त्यांना क्रमांक दिले आणि एकीचं आयुष्य उचलून दुसरीला डकवलं. एका विधवा शिवणकामवालीला टेलिफोन खात्यातली नोकरी आणि धडधाकट नवरा मिळाला. ज्या बाईकडून हा ऐवज काढून घेतला तिच्या वाट्याला शिलाई मशीन आणि वैधव्य आलं. ही बाई म्हणजे माहितीदार क्रमांक चार, आणि माहितीदार क्रमांक चार म्हणजे तिची सख्खी मावशी. गेलेला नवरा, म्हणजे काका, त्या घटकेला आपल्या घरी आतल्या खोलीत आरामखुर्चीवर बसून संत्रं सोलत असावेत. त्यांची ती संत्र्याची वेळ होती.

एकदा माणूस मारला की मागचं आवरावंही लागतं. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणात काकांचा आवाज जागोजाग पसरला होता. मावशी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून मुलाखत द्यायची, पण मालिका बंद करायची नाही. बोलता बोलता तिचं लक्ष पडद्याकडे जायचं आणि तळाशी आपल्या भाषेत ज्या ओळी उमटतात त्या ती मोठ्यानं वाचायला लागायची. सवयच होती तिची. आणि मधेच आतून काका हाक मारल्यासारखे ओरडायचे, "पुढे?" कशाचं पुढे आणि कशाचं मागे, हे त्यांचं त्यांना ठाऊक. म्हाताऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतं? पण वारलेला नवरा आतून "पुढे?" असं विचारू लागला तर वेषांतर उघडं पडणार. म्हणून जिथे जिथे तो आवाज होता तिथे तिनं कंसात "व्यत्यय" असं घातलं. मूळ ध्वनिमुद्रणं समितीच्या कपाटात कुलपाआड गेली आणि तिच्याजवळ उरल्या त्या लिहून काढलेल्या स्वच्छ प्रती.

इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती पुढे, आणि तसली चूक करायला माणूस निदान पदव्युत्तर शिकलेला लागतो.

ती ज्या केंद्रात काम करायची त्याची पाटी लांबलचक होती, आशियाई लोकप्रिय संस्कृती अभ्यास केंद्र, आणि खोली मात्र पाटीपेक्षा फार मोठी नव्हती. पूर्वी तिथे भूगोलाचे नकाशे ठेवत. काही गुंडाळ्या अजून कपाटावर पडून होत्या आणि पंखा जोरात लावला की त्यांची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर यायची. मानव्यविद्येच्या त्या इमारतीत केंद्राला मान असा नव्हता. समोरच्या इतिहास विभागातले एक जाडजूड प्राध्यापक दारावरून जाताना हमखास डोकावत आणि विचारत, "काय, आज कितवा भाग? नायिका शुद्धीवर आली का?" टीव्ही बघून डॉक्टर व्हायचं म्हणजे काय ऐट आहे, असंही त्यांचं म्हणणं असे. ती दात ओठ खाऊन हसायची. आपल्या कामात दम आहे हे या माणसाला एकदा दाखवायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि माणसाच्या हातून चुका व्हायला एवढं ठरवणं पुरतं.

तिच्या मार्गदर्शकांना विद्यार्थी मागून संकल्पनासर म्हणत. कुठल्याही गोष्टीला एक संकल्पना चिकटवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. माणूस तसा प्रेमळ, शिष्यांसाठी कुणाशीही भांडायला उभा राहणारा. कुठल्या क्रमांकामागे कोण आहे हे नियमानं सरांनाही सांगायचं नव्हतं आणि तिनं ते सांगितलं नव्हतं. एका चर्चासत्रात सरांनी माहितीदार क्रमांक चारची प्रत वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ही बाई एकटीच राहते?"

"हो," ती म्हणाली. समोरच्या कागदावर तसंच होतं.

"मग मोठ्यानं वाचते ती कुणासाठी?"

हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. मावशी लहानपणापासून सगळं मोठ्यानं करते, असं ती धरून चालली होती. पण सर तोवर खुर्चीतून उठले होते. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकल-उच्चार. मग ते बोलतच सुटले. घरात दुसरा आवाज नाही, म्हणून ही स्त्री परक्या भाषेतल्या पात्रांना आपला आवाज उसना देते, आणि तोच आवाज सोबत म्हणून परत घेते. आशियाई मालिका, मावळतं वय, रिकामं घर, सगळं एका शब्दात आलं! ती भराभरा लिहून घेत होती. नेमकं तेव्हाच तिनं हात वर करून म्हणायला हवं होतं, सर, त्या बाईचा नवरा जिवंत आहे, त्याला मीच घालवलाय. नाव न सांगताही एवढं सांगता आलं असतं. पण सरांचा चेहरा असा फुलला होता की तिला वाटलं, नंतर सांगू. नंतर एक परिषद आली, तिथे टाळ्या पडल्या. मग एका नियतकालिकात लेख आला, आणि इतिहासाचे जाडजूड प्राध्यापक स्वतःहून आत येऊन म्हणाले की शब्द चांगला काढलाय. आता सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

शिवाय एक चमत्कारिक गोष्ट घडत गेली. स्वच्छ प्रती वाचून वाचून तिच्या डोळ्यांपुढे क्रमांक चारची एक वेगळीच बाई उभी राहिली. हडकुळी, ओठांत टाचण्या धरलेली, मशीनचं पायडल थांबवून पडद्याकडे बघणारी. मावशीशी तिचा काही संबंध उरला नाही. मावशीकडे ती जायची, खायची, प्यायची, काकांशी गप्पा मारायची, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन त्याच घरातल्या एकट्या विधवेबद्दल पानंच्या पानं लिहायची. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या. त्या विधवेवर तिचा जीवही जडला होता, खोटं कशाला बोला.

प्रबंध उभा होता तो तिसऱ्या प्रकरणावर, आणि तिसरं प्रकरण त्या एका शब्दावर. केंद्रात व्याख्यात्याची एक जागा निघायची होती. व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, पार पडून पदवी हातात आली तर ती जागा तिचीच, असं सरांनी आडून नव्हे, सरळच सांगितलं होतं.

व्हायवाची तारीख ठरली. ती खुली असते, कुणीही येऊन मागे बसावं. तिनं ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण आई कधी गप्प बसते का? संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"भिंगरे, आम्ही दोघं येतोय हं."

घरात तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. "मावशी, तिथे काय आहे बघण्यासारखं? नुसती चर्चा असते. कंटाळशील."

"माझ्यावर लिहिलंयस आणि मीच नको होय गं? आणि तुझ्या काकांनी बूट काढलेत पॉलिशला. हल्ली त्यांना घराबाहेर काढायचं म्हणजे किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात, तुला काय माहीत! आता तू त्यात मोडता घालू नकोस."

तिनं फोन ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र लख्ख उभं राहिलं. सर भर सभेत त्या एकाकी विधवेच्या आवाजाबद्दल गहिवरून बोलताहेत, आणि शेवटच्या बाकावर विधवा आणि तिचा नवरा चकाचक बूट घालून ऐकताहेत.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गेली, आधीच सांगून टाकावं म्हणून. मावशी नेहमीच्या जागी टीव्हीसमोर बसली होती. मालिका दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची होती, आणि धाकटी थोरलीला आत घेत नव्हती. मावशी टेलिफोन खात्यातल्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून वाचत होती, "दार उघड, बाहेर थंडी आहे. नाही उघडणार. जाताना मला विचारलं होतंस?"

आतून काका म्हणाले, "पुढे?"

"थांबा हो, रडताहेत दोघी. रडताना ओळी येत नाहीत."

भाची स्वतःच्या घोरात इतकी बुडाली होती की हे ऐकूनही तिच्या डोक्यात शिरलं नाही. "मावशी," ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. काकांबद्दल आहे." आणि तिनं समितीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

मावशीनं रिमोट दाबला. पडद्यावरची थोरली बहीण तोंड उघडं ठेवून थांबली. मावशीनं भाचीकडे बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"अहो, ऐकलंत का?" ती आत तोंड करून ओरडली. "तुम्ही वारलात!"

"कधी?"

"बरीच वर्षं झाली म्हणे."

काकांनी आतून विचारलं, "कशानं?"

मावशीनं भाचीकडे बघितलं. "ते लिहिलेलं नाही," भाची कशीबशी पुटपुटली.

"लिफ्टनं नाही ना? माझ्या तपासणीतली एक लिफ्ट कधी खाली आली नाही. तेवढं घालू नको म्हणावं."

काका उभी नोकरी लिफ्टचे तपासनीस होते आणि या बाबतीत ते चेष्टा सहन करत नसत. तिच्या छातीवरचा दगड उतरला. दोघांनीही हसण्यावारी नेलं होतं, आता भीती कसली? त्या भरात ती तिसरं प्रकरण समजावून सांगायला लागली. एकटी बाई मोठ्यानं वाचते ती घरात कुणीतरी असावं म्हणून, असं ते आहे मावशी. परिषदेत सगळ्यांना फार आवडलं.

मावशीचं हसू ओसरलं. "चल, चहा टाकते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भाची मागोमाग गेली. मावशीनं चहाचं आधण ठेवलं नाही, नळ तेवढा मोठा सोडला, आवाज आतल्या खोलीत जाऊ नये म्हणून.

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? त्यांना. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. वाचायचं तर नावच नको. तू ते यंत्र घेऊन यायला लागलीस ना, त्याच्या आधीपासून. इलाज नाही म्हणाले डॉक्टर. कुणाला कळता कामा नये, असं मला बजावून ठेवलंय. जन्मभर लिफ्टच्या तारेची एकेक पेड नजरेनं तपासलेला माणूस. कसं सांगणार तो लोकांना?"

"म्हणून तू मोठ्यानं..."

"म्हणून. सुरुवातीला मी विचारलं, वाचून दाखवू का? तर म्हणे, असल्या रडक्या मालिका मला नकोत. मग मी आपली माझ्यासाठी वाचते, आणि ते आपले आत बसून ऐकत नाहीत."

"आणि ते पुढे, पुढे?"

"ओळ यायला उशीर झाला की विचारतात. दम निघत नाही." मावशीनं नळ बंद केला, मग काही आठवल्यासारखा पुन्हा सोडला. "हे तू कुठे लिहायचं नाहीस, भिंगरे. मारलंस ते चाललं. हे नाही."

तिला लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज. तिनं कंसात घातलेला प्रत्येक व्यत्यय म्हणजे तिच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं, नियम पाळून, एकामागून एक पुसला होता. आता खरं लिहावं तर काकांचे डोळे जगजाहीर होणार, आणि आहे तसं ठेवावं तर ते खोटं आहे हे ठाऊक असताना त्यावर पदवी घ्यायची. परतताना मावशीनं डबा भरून दिला. काकांनी आतूनच सांगितलं की व्हायवाला घाबरायचं नाही, समोरचा माणूस पण तपासनीसच असतो.

व्हायवाच्या दिवशी नकाशांच्या गुंडाळ्या कुणीतरी कपाटामागे दडवल्या होत्या. बाहेरच्या परीक्षक बाई लहानखुऱ्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि प्रबंधाची पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. इतिहासाचे जाडजूड प्राध्यापकही येऊन बसले. शेवटच्या बाकावर मावशी आणि काका. काकांचे बूट खरोखर चकाकत होते.

परीक्षक बाईंनी आधीची दोन प्रकरणं मुकाट्यानं पार केली. मग पान उलटून म्हणाल्या, "तिसरं प्रकरण मात्र मला फार आवडलं. या बाईविषयी आणखी सांगा ना. ती मोठ्यानं वाचते तेव्हा नेमकं काय होतं?"

सर प्रसन्नपणे मागे रेलले. तिनं शेवटच्या बाकाकडे बघितलं. काकांचं तोंड जरा बाजूला वळलेलं होतं, भिंतीकडे काहीतरी बघत असावेत तसं. हल्ली ते असेच बसत, आणि तिला वाटायचं की त्यांना कशातच रस उरला नाही. आता तिला कळलं की ते डोळ्यांच्या कडेनं तिच्याकडेच बघताहेत, कारण बघायला तेवढीच जागा उरली होती.

"ती बाई विधवा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. ओळख लपवण्यासाठी केलेला बदल आपणच खरा धरून चाललो, आणि सगळा युक्तिवाद त्या बदलावर बांधला. इतिहासाचे प्राध्यापक ताठ होऊन बसले. सर पेनाचं टोपण काढत होते आणि परत घालत होते.

"नवरा हयात आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"हो. त्याच घरात असतात. प्रतीत जिथे व्यत्यय लिहिलंय तो त्यांचा आवाज आहे."

"मग ती वाचते कुणासाठी?"

सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. एका वाक्याचा प्रश्न होता. ते बोललं असतं तर प्रकरण नुसतं वाचलं नसतं, सोन्याचं झालं असतं; सरांनी तिथल्या तिथे त्याला नवी संकल्पना बहाल केली असती. तिला हे सगळं दिसत होतं. व्याख्यात्याची जागासुद्धा दिसत होती.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण सांगता येणार नाही."

"मग प्रकरणात उरलं काय?"

"काही नाही, बाई."

परीक्षक बाईंनी पेन्सिलीनं समासात काहीतरी लहानसं लिहिलं. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, सहा महिन्यांची मुदत मिळाली. व्याख्यात्याची जागा त्याआधीच भरायची होती, ती जपानी चित्रकथांवर काम केलेल्या एका मुलाला गेली. सर रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. "आधी सांगायचंस तरी," ते म्हणाले. "संकल्पना मी जरा सैल ठेवली असती."

खाली उतरताना काकांनी जिन्यानं जायला साफ नकार दिला. लिफ्टमध्ये शिरताच त्यांनी दाराच्या कडेला तळवा टेकवला आणि ती चालू झाल्यावर मान हलवली. "हिची तार बदलायला झालीय." मग तसंच बाजूला बघत ते म्हणाले, "मला भर सभेत उठवलंस कशाला? आरामात होतो की मी."

"चुकलं माझं, काका."

"सांगता येणार नाही म्हणालीस, ते मात्र बरं केलंस." मावशीनं त्यांना काही सांगितलं होतं की त्यांनी नळाच्या आवाजावरून ओळखलं होतं, कोण जाणे. "लिही हवं तर, पण मी गेल्यावर. खरंखुरं गेल्यावर. मग कुणाला काय करायचंय?"

"शुभ बोला," मावशी म्हणाली.

काका गेले ते मुदत संपायच्या आत, झोपेत, कुणालाही त्रास न देता. कशानं, ते या वेळी रीतसर लिहिलं गेलं. ती खूप रडली. आपण त्यांना आधी किती सहज घालवलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी, हे तिला रडताना सारखं आठवत होतं.

सर भेटायला आले. व्हायवात शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं, हे एव्हाना त्यांनी ताडलं होतं. काही दिवस मध्ये जाऊ देऊन त्यांनी तिला केंद्रात बोलावलं. "बोलायला बरं वाटत नाही," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना बरं वाटत नव्हतं, "पण एका अर्थी आता अडचण उरली नाही. ती बाई विधवा आहे. एकटी आहे. प्रकरण आता खरं आहे. एकदा जाऊन बघून ये, एक तळटीप घाल, आणि आहे तसं पाठवून दे." सर दुष्ट नव्हते, त्यांचा धंदाच तो होता. तिचाही तोच होता. म्हणून तर ती पिशवीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र टाकून मावशीकडे गेली.

दुपार होती. मावशी टीव्हीसमोर नेहमीच्या जागी बसली होती. दीपगृहातल्या बहिणींची मालिका संपून दुसरी कुठलीशी सुरू झाली होती. भाची शेजारी बसली. पडद्यावरची माणसं त्यांच्या भाषेत भांडत होती, रुसत होती, तळाशी ओळी येत होत्या आणि जात होत्या. मावशीचे ओठ मिटलेले होते. एक भाग संपला, दुसरा आपोआप सुरू झाला.

"मावशी, वाचत नाहीस?"

"कुणाला?" मावशीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

झालं. नवरा होता तोवर ती मोठ्यानं वाचत होती, म्हणून संकल्पना खोटी होती. आता नवरा नाही आणि ती वाचत नाही, म्हणूनही ती खोटीच. पदवी तिला पुढे मिळाली, हे सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. तिसरं प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं आणि त्यात एकल हा शब्द कुठेही नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तिनं यंत्र पिशवीतून बाहेरच काढलं नाही.

पाणी प्यायला म्हणून ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. आरामखुर्ची तिथेच होती, हातांच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं. ती खुर्चीत बसली. तिथून टीव्ही दिसतच नव्हता. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसला नसता. दाराबाहेरच्या भिंतीवर तेवढे रंग हलत होते, आणि कानावर येत होतं ते एका परक्या बाईचं बोलणं, ज्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती बाई काहीतरी विनवत होती, की खडसावत होती, तेही समजेना. तिनं डोळे मिटले.

"पुढे?" ती आतून म्हणाली.

बाहेर परकी बाई बोलता बोलता एकदम थांबली. मावशीनं रिमोट दाबला असावा. भाचीला वाटलं, आपण करू नये ते केलं. ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मावशीनं खाकरून घसा साफ केला.

"थांब जरा," ती बाहेरून म्हणाली. "पहिल्यापासून लावते. माझंही लक्ष नव्हतं."